झेनॉन गॅसचा एमआरआय: रिपोर्ट नॉर्मल, तरी दम लागतो तेव्हा

एकाने मला विचारलेला प्रश्न असा आहे की आईचं वय ५८, दोन वर्षांपासून जिना चढताना दम लागतो, स्पायरोमेट्री नॉर्मल, छातीच्या सीटीत विशेष काही नाही, डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात गॅस किती जातो ते मोजणारी चाचणी) जरासा कमी आलाय, आणि आता कुठेतरी वाचलंय की झेनॉन नावाचा गॅस श्वासात घेऊन एमआरआय काढतात आणि त्यात फुफ्फुस काम कसं करतंय ते दिसतं. तर हे नेमकं काय, धोका किती, आणि आईचं करून घ्यावं का. मी छातीच्या इमेजिंगमध्ये बरीच वर्षं काम करतोय आणि त्यातली अलीकडची वर्षं या गॅसवाल्या स्कॅनवरच गेलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घाई असेल तर शेवटचा भाग आधी वाचा, पण मधलं वाचलंत तर तो जास्त पटेल.

आधी रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस दमलेला हे कसं होतं ते बघू, कारण अशा पेशंटला "तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका" असं सांगून घरी पाठवलेलं मी खूपदा बघितलंय आणि दरवेळी वाईट वाटतं. स्पायरोमेट्रीत माणूस तोंडाने जोरात फुंकतो आणि मशीन सगळ्या फुफ्फुसाची बेरीज सांगतं. आत लाखो बारीक फांद्या आहेत, त्यातल्या २ मिलीमीटरपेक्षा बारीक नळ्यांचा एकूण अडथळ्यातला वाटा इतका कमी असतो की त्यातल्या बऱ्याचशा बंद पडल्या तरी आकडा हलत नाही. छातीच्या डॉक्टरांमध्ये या भागाला फुफ्फुसाचा मुका भाग म्हणायची पद्धत आहे आणि ते अगदी बरोबर आहे. सीटीत रचना दिसते, भिंती, जाळी, गाठी सगळं दिसतं, पण या क्षणी हवा कुठे पोचतेय आणि तिथून रक्तात जातेय का हे साध्या सीटीत दिसत नाही. डीएलसीओ गॅस रक्तात किती जातो ते सांगतो पण तोही पूर्ण फुफ्फुसाचा एकच आकडा, वरचा भाग बिघडलाय का खालचा, आणि हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा जाड झालाय की रक्त कमी पोचतंय, हे त्या आकड्यातून कळत नाही.

मग साधा एमआरआय का नाही काढत? कारण एमआरआयला पाण्यातला हायड्रोजन लागतो आणि फुफ्फुस म्हणजे बहुतेक हवा. जो काही थोडा टिश्यू आहे त्याच्या चारी बाजूंनी हवा, आणि हवा-टिश्यूच्या प्रत्येक सीमेवर चुंबकीय क्षेत्र थोडं वाकतं, त्यामुळे सिग्नल १-२ मिलीसेकंदात विझतो. म्हणून नेहमीच्या एमआरआयमध्ये हृदय छान दिसतं आणि शेजारी फुफ्फुसाच्या जागी काळा खड्डा. आम्ही करतो ते उलटं आहे, टिश्यूचा नाद सोडून हवेचाच फोटो काढायचा.

पण हवेचा फोटो काढायलाही अडचण आहेच. स्कॅनरच्या चुंबकात अणूंचे केंद्रक एका दिशेला झुकतात पण ते प्रमाण दहा लाखांत जेमतेम काही इतकंच असतं. पाण्यात अणू दाटीवाटीने असतात म्हणून तेवढ्यावर भागतं, गॅस विरळ असतो म्हणून भागत नाही. म्हणून गॅस आधी बाहेर तयार करतात. पोलरायझर नावाच्या मशीनमध्ये रुबिडियम धातूची वाफ असते, त्यावर साधारण ७९५ नॅनोमीटरचा लेझर विशिष्ट पद्धतीने फिरवलेल्या प्रकाशाचा सोडतात, रुबिडियमचे इलेक्ट्रॉन एका दिशेला वळतात आणि झेनॉनशी टक्कर होताना ते वळण झेनॉनच्या केंद्रकाला देतात. बाहेर पडणाऱ्या झेनॉनचा सिग्नल मूळच्या दहा हजार ते लाखपट झालेला असतो. रुबिडियम मशीनमध्येच राहतं, पेशंटला मिळतो तो फक्त झेनॉन आणि सोबत नायट्रोजन. आणि हो, हे रेडिओअ‍ॅक्टिव्ह नाही, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नातेवाईक विचारतो. न्यूक्लियर मेडिसिनवाले वापरतात तो झेनॉन-१३३ वेगळा, हा झेनॉन-१२९, स्थिर, आपल्या हवेत असतोच, फक्त इतका कमी की एक कोटी भाग हवेत एक भागही भरत नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९९४ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन आणि स्टोनी ब्रूकच्या लोकांनी उंदराच्या फुफ्फुसातल्या झेनॉनचं पहिलं चित्र छापलं, दोन-तीन वर्षांत माणसातही चित्रं निघाली. पुढची बरीच वर्षं मात्र हेलियम-३ वर काम झालं कारण त्याचा सिग्नल जास्त दणकट. पण हेलियम-३ मिळतो ट्रिशियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सर्गी प्रकार, हळूहळू विघटित होऊन, आणि ट्रिशियम असतो अण्वस्त्रांच्या साठ्यात. २००१ नंतर सीमेवर न्यूट्रॉन पकडणाऱ्या यंत्रांसाठी हाच गॅस हवा झाला आणि २००८-०९ पर्यंत तुटवडा इतका वाढला की भाव आवाक्याबाहेर गेले आणि सगळ्यांना झेनॉनकडे वळावं लागलं. त्यावेळी नाइलाज वाटला होता, पण झेनॉनकडे एक गुण होता जो हेलियमकडे नाही, तो रक्तात विरघळतो. तुमच्या आईच्या प्रश्नाशी याचाच संबंध आहे, त्यावर पुढे येतो.

आता प्रत्यक्ष स्कॅन कसा होतो ते सांगतो. पेशंटला छातीभोवती जाकिटासारखी कॉइल, म्हणजे सिग्नल पकडणारा अँटेना, बांधतात, ही वेगळी लागते कारण झेनॉनची फ्रिक्वेन्सी वेगळी, १.५ टेस्लाच्या स्कॅनरवर हायड्रोजन ६४ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो आणि झेनॉन साडेसतराच्या आसपास, म्हणून नेहमीच्या स्कॅनरला हे ऐकूच येत नाही, त्याला जादा हार्डवेअर बसवावं लागतं. मग आधी साध्या हवेच्या पिशवीवर सराव. नेहमीसारखा श्वास सोडा, परत घ्या, परत सोडा, आता तोंडातल्या नळीतून पिशवी पूर्ण ओढा, पूर्ण, अजून, आणि धरा. सरावाला मी फार महत्त्व देतो. काही जण नाकाने थोडी हवा आत घेतात म्हणून नाकाला क्लिप, काही जण गाल फुगवून गॅस तोंडातच ठेवतात, काही जण घाबरून पोट आवळतात. सराव नीट झाला की पलीकडे गॅस पिशवीत भरतात, साधारण लिटरभर, माणसाच्या उंचीप्रमाणे कमीजास्त, आणि एकजण ती पिशवी दोन्ही हातांत धरून सरळ स्कॅनरकडे येतो. वाटेत कुठे रेंगाळायचं नाही, लोखंडी टेबलावर ठेवायची नाही, कारण वाकड्यातिकड्या चुंबकीय क्षेत्रात ते कमावलेलं वळण गळून जातं.

पेशंट पिशवी ओढतो, मी बाहेरून मोजतो, आणि १०-१५ सेकंदांत सगळं संपतं. संपतं म्हणजे खरंच संपतं. साध्या एमआरआयमध्ये स्कॅनरने सोडलेल्या रेडिओलहरींच्या प्रत्येक झटक्यानंतर, म्हणजे पल्सनंतर, सिग्नल आपोआप परत भरतो, इथे भरत नाही, प्रत्येक पल्स शिलकीतून खर्च करते, शिवाय फुफ्फुसात ऑक्सिजन असतो आणि ऑक्सिजन झेनॉनचं वळण मोडतो, साधारण २० सेकंदांत बरंचसं गेलेलं असतं. चौथ्या सेकंदाला खोकला आला तर ती पिशवी वाया. एकदा आमच्याकडे पिशवी भरून तयार होती आणि कॉइलची केबल नीट बसलेली नव्हती, ते शोधण्यात वेळ गेला, म्हटलं बघू तरी काय येतंय, आलं ते नुसतं दाणेदार राखाडी. त्या बाईंनी श्वास अगदी छान धरला होता, त्यांना परत सगळं करायला सांगताना मला फार अवघड झालं. तेव्हापासून केबल तपासल्याशिवाय मी गॅस भरायला सांगत नाही.

चित्रात दिसतं काय? जिथे गॅस पोचला ते उजळ, जिथे नाही पोचला ते काळं. निरोगी तरुण माणसाची फुफ्फुसं एकसारखी भरलेली दिसतात, पाठीवर झोपल्यामुळे खालच्या बाजूला जरा जास्त उजळ. दम्याच्या पेशंटमध्ये पाचरीच्या आकाराचे काळे तुकडे दिसतात, कडेला रुंद आणि आत निमुळते, म्हणजे एका ठराविक फांदीचा पुढचा सगळा भाग बंद. त्यांना व्हेंटिलेशन डिफेक्ट म्हणतात आणि एकूण फुफ्फुसाच्या किती टक्के ते मोजलं की व्हीडीपी येतो, तरुण निरोगी माणसात हा अगदी थोडे टक्के असतो. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका दम्याच्या पेशंटच्या स्कॅनने. पहिल्या स्कॅनमध्ये उजव्या वरच्या भागात मोठा काळा तुकडा आणि इकडेतिकडे आठ-दहा छोटे. मग साल्ब्युटामॉल या नळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचे पफ दिले, वीसेक मिनिटं थांबलो, परत पिशवी. छोटे बहुतेक सगळे भरून आले, मोठा मात्र जशाचा तसा, किनारसुद्धा तीच. काही महिन्यांनी परत आले तेव्हाही तो तिथेच. स्पायरोमेट्रीत औषधाने सुधारणा दिसत होती त्यामुळे सगळे खुश होते, पण हा एक तुकडा औषधाला ऐकतच नव्हता, सीटी परत समोर घेऊन त्या जागी बघितलं तर नळीत कफाचा बूच होता, आधीच्या वाचनात निसटलेला. सगळ्या दमेकऱ्यांमध्ये असं निघेल असं मी म्हणत नाही, पण कुठे बघायचं हे त्या चित्राने सांगितलं, आकड्याने नसतं सांगितलं.

सिस्टिक फायब्रोसिस (फुफ्फुसात घट्ट कफ साचणारा जन्मजात आजार) असलेल्या लहान मुलांमध्ये तर याचा फारच उपयोग आहे, एफईव्ही१ (स्पायरोमेट्रीत पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा) नॉर्मल असतानाही त्यांच्यात डिफेक्ट दिसतात, आणि रेडिएशन नसल्यामुळे परत परत काढता येतं. आयुष्यभर ज्याच्यावर लक्ष ठेवायचंय त्या मुलासाठी ही मोठी गोष्ट आहे.

दुसरा मोजमापाचा प्रकार म्हणजे डिफ्युजन, यावर थोडक्यात. गॅसचे अणू वायुकोशात इकडेतिकडे धावतात आणि भिंतीला धडकतात. वायुकोश निरोगी असेल तर जागा मिलीमीटरच्या पाव भागाएवढीच, म्हणून धाव तोकडी, एम्फिसीमात भिंती मोडून खोल्यांचा हॉल झालेला असतो म्हणून धाव लांब. ती धाव मोजता येते आणि सीटीत एम्फिसीमा ठळक व्हायच्या आधीही सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये ती वाढलेली सापडते.

आता तुमच्या आईच्या कामाचं. आत घेतलेल्या झेनॉनपैकी साधारण १-२ टक्के वायुकोशाच्या पातळ पडद्यात आणि तिथून रक्तात विरघळतो, आणि गंमत बघा, तिन्ही ठिकाणी त्याचा सूर बदलतो. गॅसचा सूर शून्य धरला तर पडद्यातला १९७ पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग वर) आसपास आणि लाल रक्तपेशीतला २१७ च्या आसपास ऐकू येतो. म्हणजे एकाच श्वासात तीन नकाशे, हवा कुठे पोचली, पडद्यात किती शिरली, लाल पेशींपर्यंत किती गेली. ऑक्सिजनही याच वाटेने जातो म्हणून झेनॉन त्याची वाट दाखवतो असं समजा. फुफ्फुसाच्या फायब्रोसिसमध्ये, म्हणजे आत व्रणासारखा घट्टपणा येतो तेव्हा, पडद्याचा सिग्नल वाढतो आणि लाल पेशींचा घटतो, तिथे वाट जाड झालेली असते. पडदा ठीक आणि लाल पेशींचा सिग्नल कमी असेल तर विचार रक्तवाहिन्यांकडे जातो. लाल पेशींचा सिग्नल तर हृदयाच्या ठोक्याबरोबर वरखाली होतो आणि त्या हेलकाव्यावरून फुफ्फुसातला रक्तदाब कशामुळे वाढलाय, मूळ हृदयाच्या डाव्या बाजूला आहे का फुफ्फुसाच्या वाहिन्यांत, याचा अंदाज घ्यायचं काम चालू आहे, पण ते अजून संशोधनात आहे, त्यावर उपचार ठरवावेत असं मी म्हणणार नाही. कोविडनंतर ऑक्सफर्डच्या गटाने दाखवलं की हॉस्पिटलात भरती न झालेल्या, सीटी जवळजवळ नॉर्मल असलेल्या आणि तरी दम लागणाऱ्या लोकांमध्ये ही रक्तात जायची पायरी बिघडलेली सापडते. अभ्यास छोटा होता, पण ज्यांना मनाचे खेळ म्हणून वाटेला लावलं होतं त्यांना दाखवायला काहीतरी हातात आलं, आणि मला ते मोलाचं वाटतं.

पण इथे मी तुम्हाला थोडं थांबवणार आहे. काळा तुकडा म्हणजे निदान नाही. आकुंचन, कफ, एम्फिसीमाची मोठी पोकळी, दबलेला भाग, सगळं काळंच दिसतं, कारण शोधायला सीटी, औषध देऊन परत स्कॅन, आणि पेशंटची हकीकत लागतेच. लाल पेशींचा सिग्नल हिमोग्लोबिनवर अवलंबून असतो, रक्त कमी असेल तर फुफ्फुस चांगलं असूनही नकाशा फिका येतो, वय वाढतं तसाही तो कमी होतो आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा मुळातच कमी असतो, म्हणून ५८ वर्षांच्या बाईंची तुलना पंचविशीतल्या मुलांशी केलेला रिपोर्ट असेल तर तो बाजूला ठेवा. व्हीडीपी काढायच्या पद्धतीही वेगवेगळ्या आहेत, एका केंद्राचा ८ आणि दुसऱ्याचा १२ यात पेशंट बिघडला का सॉफ्टवेअर वेगळं हे सांगता येत नाही, म्हणून परत काढायचा असेल तर तिथेच काढा.

परवानगीचं सांगायचं तर अमेरिकेच्या औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीएने २३ डिसेंबर २०२२ ला पोलॅरियन कंपनीच्या झेनोव्ह्यू या झेनॉन गॅसला मंजुरी दिली, त्यावेळी १२ वर्षं आणि त्यावरच्या लोकांसाठी, आणि तीही फक्त हवा कुठे पोचते हे बघण्यासाठी. रक्तात जाण्याचा जो भाग मी वर सांगितला तो त्या मंजुरीत नव्हता, हे लक्षात ठेवा. ब्रिटनमध्ये शेफील्डचा गट बरीच वर्षं डॉक्टरांनी पाठवलेल्या पेशंटचे स्कॅन करतोय. एकूण जगात पोलरायझर, गॅस आणि ते चालवणारी माणसं असलेली केंद्रं मोजकीच आहेत.

धोक्याचं स्पष्ट सांगतो. झेनॉन भूल देणारा गॅस आहे, पण भुलेसाठी त्याचं प्रमाण साठ-सत्तर टक्के ठेवून सतत श्वास द्यावा लागतो, इथे एकच श्वास. डोकं हलकं वाटणं, बोटांना मुंग्या, क्षणभर छान वाटणं, हे होतं आणि मिनिट-दोन मिनिटांत जातं. दुसरं म्हणजे त्या पिशवीत ऑक्सिजन नसतो, मुद्दामच, कारण तो सिग्नल मारतो, त्यामुळे ऑक्सिमीटरचा आकडा थोडा वेळ खाली येतो आणि दोन-चार मोकळ्या श्वासांत परत वर येतो, आम्ही पूर्णवेळ त्याच्यावर डोळा ठेवून असतो. ज्यांना घरीही ऑक्सिजन लागतो त्यांच्यात मात्र नीट विचार करावा लागतो, कारण गॅस ओढताना ऑक्सिजन बंद ठेवावा लागतो. बाकी पेसमेकर, अंगातलं लोखंड, बंद जागेची भीती, हे एमआरआयचे नेहमीचे नियम आहेतच, आणि कॉइल छातीला घट्ट असते हे आधीच सांगून ठेवा.

झेनॉन मिळत नसेल तर बाकी वाटा आहेत. परफ्लुरोप्रोपेन नावाचा फ्लोरिनवाला गॅस ७९ टक्के आणि २१ टक्के ऑक्सिजन असं मिश्रण देऊन स्कॅन करतात, याला लेझर-पोलरायझर काही लागत नाही आणि त्यात ऑक्सिजन असल्यामुळे पेशंट निवांत पाच-सहा श्वास घेऊ शकतो, चित्र जरा भरड येतं आणि तो रक्तात जवळजवळ विरघळत नाही म्हणून तिसरा नकाशा मिळत नाही. शुद्ध ऑक्सिजन देऊन साध्या स्कॅनरवर फरक बघायची पद्धत आहे. आणि काहीच न देता, मोकळ्या श्वासात भराभर चित्रं घेऊन श्वासाचा आणि ठोक्याचा लय वेगळा काढायचा, त्यातून हवा आणि रक्त दोन्हीचा अंदाज घ्यायचा, प्रेफुल म्हणतात त्याला, मला स्वतःला याच्याकडून फार आशा आहे कारण हे कुठल्याही चांगल्या स्कॅनरवर होऊ शकतं.

तर आईचं काय करावं. मी असतो तर झेनॉनच्या मागे लगेच पळालो नसतो. डीएलसीओ जरासा कमी आहे म्हणता, तो हिमोग्लोबिन धरून दुरुस्त केलेला आहे का हे आधी विचारा, त्यांचं हिमोग्लोबिन ९ असेल तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. इको झाला नसेल तर करून घ्या, त्यात फुफ्फुसाचा दाब आणि हृदयाची डावी बाजू नीट बघायला सांगा. फुफ्फुसातल्या जुन्या गुठळ्या साध्या सीटीत सहज निसटतात, त्यासाठी व्हीक्यू स्कॅन (फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा न्यूक्लियर मेडिसिनचा स्कॅन) आहे आणि तो बऱ्याच ठिकाणी होतो, दोन वर्षांचा दम आणि कमी डीएलसीओ असताना हा मी सोडला नसता. चालताना सॅच्युरेशन किती खाली येतं ते मोजा, जमलं तर सायकलवरची कार्डिओपल्मनरी टेस्ट, म्हणजे व्यायाम करताना हृदय आणि फुफ्फुसाची तपासणी, करा. सीटी जोरात श्वास सोडूनही काढला होता का तेही बघा, बारीक नळ्यांत अडकलेली हवा त्यातच दिसते.

हे सगळं होऊनही उत्तर मिळालं नाही आणि एखाद्या केंद्रात सोय असेल तर झेनॉन जरूर करा, आणि तेव्हा फक्त व्हेंटिलेशन नाही, पडदा आणि लाल पेशींचे नकाशेही काढणार का हे फोनवरच विचारून घ्या, कारण आईच्या बाबतीत उत्तर तिथे असण्याची शक्यता मला जास्त वाटते. त्याच दिवसाचं हिमोग्लोबिन सोबत न्या, सीटीची सीडी न्या नुसता रिपोर्ट नको, इनहेलर चालू असेल तर तो कधी थांबवायचा ते विचारा. आणि आदल्या आठवड्यात घरी रोज दोन-तीनदा, आरामात श्वास सोडून मग एक सावकाश श्वास घेऊन १५ सेकंद धरायची सवय आईंना करून द्या, खुर्चीत बसून, चक्कर वाटली तर लगेच सोडायचा.